थांबलेली नाडी

गुरुजींची नाडी थांबली तेव्हा आखातातल्या अल मनखूल वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये साठेक माणसं होती आणि एसीच्या घरघरीशिवाय कसलाही आवाज नव्हता. दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग की वॉचमन दोनदा वर येऊन गेला. आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं होतं: 'हार्ट वेलनेस हाय टी, फॅमिलीसह.' इथल्या कायद्याला जादूटोणा खपत नाही हे आपल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, म्हणून चमत्काराला आपण हाय टी म्हणतो. बटाटेवडे होते, चटणीही होती.

गुरुजींचं नाव अंबादास. पांढरी, ढगळ, लांब बाह्यांची कफनी, आवाज मधात बुडवलेला. ते व्हिजिट व्हिसावर आले होते आणि त्यांच्या तारखा गणपतीपर्यंत भरलेल्या होत्या.

"हृदय म्हणजे पंप नाही," ते सांगत होते. "पंप तर तुमच्या बिल्डिंगच्या टाकीवर पण आहे. तो कधी रडतो का? हृदय म्हणजे अँटेना. डॉक्टर म्हणतो व्हायरस आला. अरे, पण आला का? सिग्नल वीक होता म्हणून आला."

लोक माना डोलावत होते. यात बँकेतले लोक होते, इंजिनिअर होते, दोन ऑडिटर होते.

मग त्यांनी माझ्या भाचीला, अस्मीला, पुढे बसवलं. डावा तळवा तिच्या छातीपासून हातभर अंतरावर धरला आणि उजवा हात लोकांपुढे केला. तिच्या हृदयातला आजार मी माझ्या हृदयात ओढून घेणार, म्हणाले. तिथे तो जळेल आणि तोवर माझं हृदय थांबेल. गर्दीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी मनगट धरलं. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उतरला. "नाडी लागत नाही," ते म्हणाले. हॉलभर हात जोडले गेले.

मीही मनगट धरलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, नाडी कुठे असते हे मला कळतं. ती होती, मग बारीक झाली, मग गेली. माझ्या बोटांखाली नुसतं गरम कातडं उरलं. आणि काही वेळाने ती परत आली.

"खलास, बेटा," गुरुजी अस्मीला म्हणाले. "तुझं होतं ते मी घेतलं. आता रविवारी ढोल बांध. आत जे काही उरलंसुरलं असेल ते ढोलाच्या दणक्याने निघून जाईल."

माझी वहिनी हेमा रडत त्यांच्या पाया पडली. गुरुजींची नजर मग माझ्याकडे वळली. कोणीतरी त्यांना माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं असणार.

"ताई, तुमच्या मिस्टरांना कोणी वेळेवर माझ्याकडे आणलं असतं, तर आज ते इथे बसून वडा खात असते."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. दोन वर्षं झाली, मला वेळेवर काहीच येत नाही, राग नाही, रडू नाही, झोप नाही. माझ्या हातात वडा होता, तो मी खाल्ला आणि प्लेट कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

प्रणव, माझा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला. साधा ताप आला होता. ऑफिसात निम्म्या लोकांना आला होता. ताप उतरला, तो म्हणाला बरं वाटतंय, आणि माझा भाऊ अनिलदादा याच्याबरोबर क्रिकेट खेळायला गेला. रन काढताना मध्येच खाली बसला, तो उठलाच नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दादा त्याचं मनगट धरून बसला होता. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, हे नंतरच्या अहवालात कळलं. कोणाचीच चूक नव्हती, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं.

आता अस्मीचं ऐका. अस्मी दादाची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, इथेच वाढलेली, युनिव्हर्सिटीत शिकणारी. आमच्या मंडळींच्या ढोल-ताशा पथकात ती ढोल वाजवते. दादाचा मसाले पॅक करायचा धंदा आहे आणि शहराबाहेर हमरिया फ्री झोनमध्ये त्याचं गोडाऊन आहे. पथकाची प्रॅक्टिस तिथेच चालते, कारण शहरात ढोलावर टिपरू पडलं की शेजारी तक्रार करतात. गोडाऊनमध्ये तक्रार करायला फक्त मिरचीची पोती असतात.

पथकाची एक रीत आहे. प्रॅक्टिस चुकली की पुढच्या रांगेतली जागा गेली. त्यामुळे ताप आला तरी पोरं पॅनाडॉल घेतात आणि येतात. दुसरी रीत अशी, की कमरेला ढोल बांधला की सुरुवातीला छाती-खांदे दुखणारच, आणि दुखलं की शाबासकी मिळते. शाळा उघडायच्या सुमारास अस्मीला ताप येऊन गेला. मग छातीत दुखू लागलं. पथकप्रमुख वासुदेवकाका कौतुकाने म्हणाले, "आता खरी वादक झालीस." ती छातीतली कळ घेऊन वाजवत राहिली. जिना चढताना धाप लागली तेव्हा मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. ओढत म्हणते आहे, पण आवाज चढवला नव्हता. नुसतं तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

ईसीजी झाला, रक्त तपासलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं रक्तात दिसत होतं. हृदयविकारतज्ज्ञ डॉक्टर माहनूर यांनी अस्मीला समोर बसवून सांगितलं, "बेटा, छह महीने ढोल नहीं. दौड़ना नहीं, जिम नहीं. दवा लो, आराम करो. फिर देखेंगे."

हेमावहिनी बाहेर येऊन म्हणाली, ढोल म्हणजे काय ते त्यांना काय कळणार. डॉक्टर माहनूर लाहोरच्या होत्या. ढोल त्यांना आमच्याइतकाच ठाऊक होता.

अस्मीने रडारड केली नाही. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी शेजारी बसले, तिला समजावून सांगितलं. विषाणू हृदयाच्या पेशीत शिरला की ती पेशी आरडाओरडा करते, म्हणजे रसायनं सोडते. हृदयात कायमच्या मुक्कामाला असलेल्या पहारेकरी पेशी असतात, त्या जाग्या होतात. रक्तातून आणखी पांढऱ्या पेशींची कुमक येते. त्या विषाणूला मारतात, पण तो ज्या पेशींत लपलाय त्या पेशींनाही मारतात. आणि हृदयाच्या मेलेल्या पेशी सहसा नव्याने उगवत नाहीत.

"आपल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर किचनला आग लागली होती, आठवतं?" मी म्हटलं. "स्प्रिंकलर सुटले, आग विझली. पण गाद्या भिजल्या, लाकूड फुगलं, वायरिंगमध्ये पाणी गेलं. त्या घरात दुसऱ्या दिवशी कोणी सगळे दिवे लावून नाच केला असता का?"

"नो," अस्मी भिंतीला म्हणाली.

"तुझ्या हृदयात आत्ता ते ओलं घर आहे. विजेची तार तिथेही आहे. त्या तारेवरच ठोका चालतो. जोर पडला तर तो बिघडू शकतो."

"आत्या, आय डोन्ट फील एनीथिंग." थोडं थांबून म्हणाली, "लाइक यू."

मी पांघरूण सारखं केलं आणि उठले.

गोळ्या आणि आराम यांनी हळूहळू तिचं दुखणं उतरलं. नेमकं तेव्हाच कोणीतरी वहिनीला गुरुजींचा नंबर दिला. बुडत्याला काडीचा आधार, हे मला समजत होतं. दादाचंही समजत होतं. प्रणवचं मनगट त्याने धरलं होतं आणि काही करू शकला नव्हता. कोणीतरी थांबलेलं हृदय परत चालू करतो म्हटल्यावर तो तिकडे धावणारच. हाय टीनंतर दोघांनी ठरवून टाकलं की पोरगी बरी झाली. आणि पोरीलाही तसंच हवं होतं. रविवारच्या प्रॅक्टिसला गुरुजी स्वतः गोडाऊनमध्ये येऊन पथकाला आशीर्वाद देणार होते.

मी दादाला फोन करून सांगितलं, की तिने ढोल बांधला तर ती मरू शकते. तो म्हणाला, "सुली, तू स्वतः नाडी धरली होतीस ना? थांबली होती ना?" थांबली होती. मी खोटं बोलू शकले नाही.

उत्तर मला अकरावीच्या वर्गात मिळालं. रक्तदाबाचं प्रात्यक्षिक होतं. मिहिका नावाची मुलगी दंडाला पट्टा बांधून बसली होती, मैत्रीण तिच्या मनगटावर नाडी शोधत होती आणि पट्टा फुगत होता.

"मॅम, शी इज डेड," मैत्रीण म्हणाली.

"आय ॲम नॉट," मिहिका म्हणाली.

वर्ग हसला. दरवर्षी कोणीतरी हा विनोद करतं आणि दरवर्षी वर्ग हसतो. दंडातली रक्तवाहिनी दाबली की पुढे मनगटाला रक्त पोचत नाही, नाडी लागत नाही. हृदयाला त्याचा पत्ताही नसतो. मी फळ्यापाशी उभी राहिले. गुरुजींच्या दंडाला पट्टा नव्हता. पण ढगळ कफनी होती, आणि नाडी देताना उजवा कोपर त्यांनी बरगडीला चिकटवून ठेवला होता. हाताला जाणारी वाहिनी काखेतूनच तर जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी माझी गत झाली होती.

घरी येऊन फ्रिजमधलं एक टणक लिंबू काखेत धरलं आणि दंड आवळला. दोन-तीनदा जागा बदलावी लागली. मग माझी नाडी गेली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, मी बघत उभी राहिले.

रविवारी दुपारी गोडाऊनमध्ये मोठे कूलर लावले होते. मसाल्याने नाक चुरचुरत होतं. पोरं ढोलाच्या दोऱ्या ताणत होती, एका टेबलावर लिंबूसरबताची तयारी होती. अस्मीने ढोल बांधण्यासाठी कमरेला शेला गुंडाळला होता. वहिनी तिला ओवाळत होती. दादाने गुरुजींसाठी पोत्यांवर चादर टाकून आसन केलं होतं.

गुरुजी आले, आशीर्वाद देऊन झाला. ते म्हणाले की वादनाआधी एकदा सगळ्यांसमोर नाडी थांबवून दाखवतो, म्हणजे तरुण पिढीला विश्वास बसेल. उजवा हात पुढे आला. कोपर बरगडीला.

मी पुढे होऊन मनगट धरलं आणि अस्मीला हाक मारली. "तू इकडे ये. दोन बोटं गुरुजींच्या गळ्यावर ठेव, हलकी. जबड्याखाली, बाजूला."

"कंठचक्राला स्पर्श चालत नाही," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही तिच्या हृदयातून आजार काढलात," मी म्हटलं. "तिची दोन बोटं तुम्हाला चालायला हवीत."

एवढ्या लोकांत त्यांना नाही म्हणता येईना. अस्मी आली. तिला लहानपणापासून ठेका कळतो. कुठलाही आवाज आला की बोटं हलतात. तिने बोटं ठेवली. माझ्या बोटांखाली मनगट हळूहळू गप्प झालं.

"इथे थांबली," मी मोठ्याने म्हटलं. "तिथे?"

अस्मीच्या कपाळाला आठी पडली. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"इट्स गोइंग, आत्या." मग सगळ्यांकडे बघून मराठीत म्हणाली, "चालू आहे. फास्ट चालू आहे. ही इज स्केअर्ड."

गुरुजी हसले. म्हणाले, स्थूल शरीराची नाडी वेगळी, सूक्ष्म शरीराची वेगळी, नास्तिक बाईच्या स्पर्शाने फ्रिक्वेन्सी बिघडली. वासुदेवकाकांनी मान डोलावायला सुरुवातही केली. बोलून माणसं हलत नाहीत, हे मला कळून चुकलं. मी सरबताच्या टेबलावरून एक लिंबू उचललं, सगळ्यांच्या देखत काखेत धरलं आणि दादासमोर हात केला.

"धर."

त्याला काय आठवेल हे मला पक्कं ठाऊक होतं. वहिनीच्या हातात देता आला असता, काकांच्या हातात देता आला असता. मी त्याच्याच हातात दिला.

त्याने मनगट धरलं. मी दंड आवळला. त्याची बोटं माझ्या मनगटावर शोधत राहिली, आधी हलकी, मग घाबरून, मग दाबून. त्याचा चेहरा बघवेना. "सुली, सोड," तो म्हणाला. "सुली, नको."

मी दंड सैल केला. लिंबू फरशीवर पडून ढोलांच्या मधून घरंगळत गेलं. नाडी त्याच्या बोटांखाली परत आली असणार, कारण तो तिथेच खाली बसला.

"आली ना?" मी म्हटलं. "माझी येते, कारण ती गेलीच नव्हती. यांची येते, कारण तीही गेली नव्हती. प्रणवची गेली होती, दादा. ती यांच्याने आली नसती. अस्मीची गेली तरी यांच्याने येणार नाही."

दादा उठला, अस्मीजवळ गेला आणि तिच्या कमरेच्या शेल्याची गाठ सोडू लागला. गाठ घट्ट होती, त्याला सुटेना. शेवटी अस्मीनेच ती सोडली.

कोणीतरी गुरुजींना कफनी झटकायला सांगितलं. ते म्हणाले की त्यांना अबू धाबीला पोचायचं आहे, खलिफा सिटीत संध्याकाळचा कार्यक्रम आहे. घाईत गाडीत बसताना त्यांच्या बाहीतून एक काळा रबरी चेंडू पडला आणि उड्या मारत पार्किंगमध्ये गेला. तो आणायला ते थांबले नाहीत. इन्शाल्ला, खलिफा सिटीतही लिंबं मिळत असतील.

वहिनी मात्र अडून बसली. "पण मग पोरीला बरं कसं वाटलं?" हा प्रश्न खरा होता, आणि अशा गुरूंचं पोट याच प्रश्नावर भरतं. मी तिला सांगितलं, की विषाणूचा ताप बहुतेक वेळा आपला आपणच उतरतो. आत पेशी झटत असतात, गोळ्या आणि आराम त्यांना हात देतात. गुरुजी आले तेव्हा मुंग्यांचं वारूळ बांधून झालं होतं. हे आयत्या बिळावरचे नागोबा. दुखणं थांबलं म्हणजे सूज गेली असंही नसतं, आणि हीच सगळ्यात धोक्याची वेळ असते, कारण माणसाला बरं वाटत असतं. प्रणवलाही बरं वाटत होतं.

वहिनीने ऐकून घेतलं. तिला पूर्ण पटलं की नाही मला ठाऊक नाही. गुरुजींच्या ग्रुपमधून ती अजून बाहेर पडलेली नाही, पण अस्मीच्या गोळ्या मात्र घड्याळ लावून देते.

वासुदेवकाकांनी पुढच्याच प्रॅक्टिसला सांगून टाकलं, की ताप आलेल्याने घरी बसायचं, त्याची जागा राखून ठेवली जाईल, आणि छातीत दुखलं तर शाबासकी नाही, डॉक्टर. ते एवढंच बोलले आणि ताशाकडे वळले. मला ते भाषणापेक्षा बरं वाटलं.

तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. ताप येऊन गेल्यावर छातीत दुखलं, धाप लागली, धडधडलं, चक्कर आली, तर ती मेहनतीची खूण समजू नका. खेळ, जिम, ढोल बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कोणी थांबलेली नाडी दाखवली, तर हात जोडू नका. जोडलेल्या हातांनी नाडी तपासता येत नाही. एक हात मनगटावर ठेवा, दुसरा गळ्यावर, आणि काखेत काय आहे ते विचारा. जो खरा आहे तो तपासू देतो.

गणपतीत पथक वाजलं तेव्हा अस्मी माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती. पुढच्या रांगेत तिची जागा रिकामी ठेवली होती. दणका सुरू झाला तशी तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. तिचं तोंड आवळलेलं होतं. मग मध्येच तिने माझा हात ओढून घेतला आणि मनगटावर दोन बोटं ठेवली.

"काय करतेस?"

"जस्ट चेकिंग." तिने जरा वेळ ठेवली. "आहे, आत्या."

मला रडू आलं. दोन वर्षांनी आलं, आणि ढोलांच्या आवाजात ते फक्त तिला कळलं. तिने बोटं काढली नाहीत.